‘६०६’ ते ‘३ए’ : रासायनिक संयुगांच्या क्रमांकांचा इतिहास

१/ रसायनशास्त्राचा कोणताही शोधप्रबंध उघडला की पानोपानी ठळक टाइपातले छोटे आकडे दिसतात : ७, १२, ३१बी. हे तळटीपांचे आकडे नव्हेत, संदर्भसूचीचेही नव्हेत. प्रत्येक आकडा म्हणजे एका संयुगाला त्या ग्रंथापुरते दिलेले नाव असते. पदार्थांना नावे आहेत, सूत्रे आहेत, रचनाचित्रे आहेत. तरीही हा आकडा का लागला, तो चुकला तर काय बिघडते आणि आजचा विद्यार्थी संगणकीय अक्षरजुळणीत तो हवा तसा कसा घडवतो, याचा हा इतिहास.

२/ आरंभ नावांपासून करावा लागतो. जुन्या काळी पदार्थाचे नाव त्याच्या रूपावरून, गुणावरून किंवा ते करणाऱ्या माणसावरून पडे. युरोपात ‘अँटिमनीचे लोणी’ होते, ‘अल्गारोथचे चूर्ण’ होते, ‘ग्लाउबरचे लवण’ होते. मराठीतही मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार ही नावे अशीच. हिराकसात हिरा नसतो, असते लोह आणि गंधक. नाव ऐकून पदार्थ ओळखता येई तो केवळ सवयीने; आत काय आहे ते नावात नसे.

३/ १७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रवा या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थ ज्या घटकांचा बनला असेल त्या घटकांवरून त्याचे नाव बनावे, हे तिचे सूत्र. आजची ‘सल्फेट’, ‘सल्फाइट’, ‘ऑक्साइड’ ही नावे त्याच घराण्यातली. नाव हे आता पदार्थाचे टोपणनाव राहिले नाही, त्याचे वर्णन झाले.

४/ पुढचे पाऊल छापखान्याशी जोडलेले आहे. जॉन डाल्टन यांनी मूलद्रव्यांसाठी वर्तुळे, ठिपके आणि रेषांची चिन्हे योजली होती. स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये त्याऐवजी अक्षरे सुचवली. त्यांच्या कारणांपैकी एक अगदी व्यावहारिक होते : अक्षरे लिहायला सोपी आणि छापील पान विद्रूप न करणारी. जुळाऱ्याच्या खणात अक्षरांचे खिळे आधीपासूनच होते. वर्तुळांचे मुद्दाम ओतावे लागले असते. रसायनाची लिपी अशी पहिल्यापासून मुद्रणाचा विचार करीत घडली.

५/ सेंद्रिय रसायन वाढू लागले तेव्हा मात्र घोटाळा झाला. अणुभार कोणते धरायचे यावरच एकमत नव्हते. केकुले यांनी १८६१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या साध्या आम्लाची, त्या काळी वापरात असलेली १९ निरनिराळी सूत्रे एकत्र मांडून दाखवली. पदार्थ एक आणि सूत्रे एकोणीस! हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरुहे येथे रसायनशास्त्रज्ञांची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती.

६/ एप्रिल १८९२ मध्ये जिनिव्हा येथे दुसरी महत्त्वाची बैठक झाली. नऊ देशांतले ३४ रसायनशास्त्रज्ञ सेंद्रिय संयुगांच्या नावांचे नियम ठरवायला जमले. कार्बनची मुख्य साखळी कोणती, तिच्या अणूंना आकडे कोणत्या टोकापासून द्यायचे, प्रत्यय कोणते लावायचे, हे ठरू लागले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रसायन संघाने हे काम पुढे चालवले.

७/ नियम काटेकोर झाले आणि त्यातूनच नवी अडचण उभी राहिली. जे नाव रेणूतल्या प्रत्येक अणूची जागा सांगते ते रेणूबरोबर लांबत जाते. गुंतागुंतीच्या रेणूचे पद्धतशीर नाव दोन-तीन ओळी सहज खाते. असे नाव एका परिच्छेदात पाच वेळा आले तर वाक्य वाचणेच अशक्य होते. आकडा आला तो या गरजेतून.

८/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात आणि रुमालाला क्रमांक असतो. त्या क्रमांकात कागदाचा आशय नसतो. पण हवा तो कागद नेमका हाती येतो तो क्रमांकामुळेच. संयुगाच्या क्रमांकाचे काम हेच. ‘हे काय आहे’ ते नाव सांगते. ‘यांपैकी कोणते’ ते आकडा सांगतो.

९/ या आकड्याची ताकद जगाला दिसली ती फ्रँकफुर्टमधल्या एका प्रयोगशाळेत. पाउल एर्लिख आणि त्यांचे सहकारी रोगजंतूंवर मारा करतील पण रोग्याला वाचवतील अशी आर्सेनिकची संयुगे शोधत होते. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम एकामागून एक संयुगे तयार करीत आणि प्रत्येकाची नोंद क्रमांकाने होई. १९०७ च्या सुमारास तयार झालेले ६०६ क्रमांकाचे संयुग पहिल्या चाचणीत निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले.

१०/ १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता तिथे आले. उपदंशाची लागण झालेल्या सशांवर चाचण्या करण्यात त्यांचा हातखंडा होता. एर्लिख यांनी त्यांना जुनी संयुगे पुन्हा तपासायला सांगितले, आणि ६०६ ने उपदंशाच्या जंतूंवर विलक्षण परिणाम दाखवला. १९१० मध्ये हे औषध ‘साल्व्हार्सान’ या नावाने बाजारात आले. दोन वर्षे पडून राहिलेला पदार्थ पुन्हा हाती लागला, कारण बाटली आणि वही यांच्यामधला दुवा तुटला नव्हता. तो दुवा म्हणजे एक आकडा.

११/ ६०६ या आकड्याचा अर्थ काय, याची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. हे ६०६ वे संयुग होते, असे एक. सहाव्या मालिकेतले सहावे संयुग, असे दुसरे. पहिल्या पद्धतीत आकडे सरळ रांगेत चालतात, दुसऱ्या पद्धतीत आकड्याला गट आणि उपगट असतात. आज ‘१७’ लिहायचे की ‘३.४’ लिहायचे असा प्रश्न प्रबंध लिहिणाऱ्याला पडतो, तो हाच. निवड कोणतीही असो, ती वाचणाऱ्याला कळली पाहिजे.

१२/ ६०६ च्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. या औषधात आर्सेनिकचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आहेत, असे एर्लिख यांनी मानले आणि पाठ्यपुस्तकांनी ते सूत्र पिढ्यान्‌पिढ्या छापले. २००५ मध्ये न्यूझीलंडमधल्या वायकाटो विद्यापीठाच्या संशोधकांनी वस्तुमान वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले की, साल्व्हार्सान हे तीन आणि पाच आर्सेनिक अणूंच्या वलयांचे मिश्रण आहे. सूत्र चुकले होते, त्यावर बेतलेले नाव चुकले होते. ६०६ हा आकडा मात्र चुकला नाही, कारण त्याने रचनेबद्दल काही दावाच केला नव्हता.

१३/ आकडा निर्धोक असतो असे मात्र नव्हे. १९३० च्या दशकात अधिवृक्क ग्रंथींतून निघणारी द्रव्ये वेगळी करण्याची स्पर्धा लागली होती. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी आपल्या संयुगांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे दिली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांची अक्षरे वेगळी होती. न्यूयॉर्कमध्ये विंटरश्टाइनर आणि फिफनर यांची आणखी वेगळी.

१४/ परिणाम असा झाला की केंडॉल यांचे ‘ई’, राइखश्टाइन यांचे ‘एफए’ आणि विंटरश्टाइनर यांचे ‘एफ’ हे एकच द्रव्य होते. आणि केंडॉल यांचे ‘एफ’ हे मात्र दुसरेच, ज्याला राइखश्टाइन ‘एम’ म्हणत. एका गटाचा लेख वाचून दुसऱ्या गटाच्या लेखाकडे वळणाऱ्या वाचकाला आधी तीन अक्षरमालांचा कोष्टक मनात मांडावा लागे. प्रत्येक प्रयोगशाळेत अक्षरांचा अर्थ पक्का होता. प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला की तो बदलत होता.

१५/ सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमधले डॉक्टर फिलिप हेंच यांनी ‘संयुग ई’ हे संधिवाताच्या रुग्णाला टोचले आणि काही दिवसांतच हालचालीला मोताद झालेली व्यक्ती चालू लागली. आता हे अक्षर प्रयोगशाळेबाहेर पडणार होते. ‘संयुग ई’ आणि ‘ई जीवनसत्त्व’ यांत लोकांची गफलत होण्याचा धोका उघड होता. म्हणून १९४९ मध्ये ‘कॉर्टिसोन’ हे नाव घडवले गेले. पुढच्याच वर्षी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१६/ म्हणजे खूणचिठ्ठीला हद्द असते. जगभर चालणारी खूण हवी तर ती कुणीतरी एकाच ठिकाणी द्यावी लागते. १९६५ पासून अमेरिकेतली ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ ही संस्था प्रत्येक पदार्थाला नोंदणी क्रमांक देते. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. यातला शेवटचा ५ हा तपासअंक आहे. उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ ने गुणून बेरीज केली की १०५ येते. तिचा शेवटचा अंक ५. एखादा आकडा टंकताना चुकला तर हिशेब बहुधा जुळत नाही आणि चूक पकडली जाते.

१७/ प्रबंधातल्या ‘७’ला असा तपासअंक नसतो. तिथे ७ च्या जागी ८ पडला तर वाक्य व्याकरणशुद्धच राहते, पान सुबकच दिसते, आणि विधान मात्र खोटे होते. प्रबंधाच्या प्रयोग विभागात प्रत्येक क्रमांकाखाली किती पदार्थ घेतला, किती मिळाला, वितळणबिंदू किती, वर्णपटात कोणत्या रेषा आल्या, याची नोंद असते. क्रमांक सरकला की एका संयुगाचा पुरावा दुसऱ्याच्या नावे जमा होतो. पुढे कोणी तो प्रयोग पुन्हा करायला गेला तर तो चुकीच्या द्रव्याने आरंभ करील.

१८/ क्रमांक लिहायचा कसा, याचीही परंपरा बदलत आली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी नियतकालिकांत संयुगांना रोमन अंक देण्याची चाल सर्रास होती. दहा-बारा संयुगांपर्यंत ती शोभे. अडतिसाव्या संयुगाला मात्र सात अक्षरांची माळ लागे आणि ती चित्राखाली मावत नसे. शिवाय रोमन अंकांची अक्षरे रसायनात आधीच कामाला लागलेली होती : एक अक्षर आयोडीनचे, एक व्हॅनेडियमचे, एक कार्बनचे. धातूंची ऑक्सिडीकरण अवस्थाही रोमन अंकांतच लिहिली जाई.

१९/ हळूहळू साधे आकडे रूढ झाले आणि ते इतर संख्यांपासून वेगळे दिसावेत म्हणून ठळक टाइपात छापले जाऊ लागले. ‘५ ग्रॅम ५ घेतले’ या वाक्यातला पहिला पाच वजन आहे आणि दुसरा पदार्थ. हा फरक वाचकाला कळतो तो केवळ दुसऱ्या आकड्याच्या जाडीमुळे. ठळक टाइप इथे शोभेसाठी येत नाही, अर्थासाठी येतो.

२०/ एकाच सांगाड्यावर छोटे फेरफार करून बनवलेल्या संयुगांना एकच आकडा आणि पुढे अक्षर देतात : ३ए, ३बी, ३सी. आकडा कुळ सांगतो, अक्षर त्यातली व्यक्ती. एखाद्या रेणूचे आरशातले रूप असेल तर तोच क्रमांक ठेवून आधी तिरप्या टाइपात ‘एंट’ हा उपसर्ग लावतात. दोन्ही रूपांचे समसमान मिश्रण असेल तर ‘रॅक’. इतक्या लहान जागेत नातेसंबंध सांगणारी अशी खूण दुसऱ्या शास्त्रांत क्वचितच आढळते.

२१/ टंकलेखन यंत्राच्या काळातला प्रबंध डोळ्यांसमोर आणला तर या पद्धतीची किंमत कळते. मजकूर यंत्रावर टंकलेला, रचनाचित्रे शाईने हाताने काढलेली, आकडे चित्रात नंतर भरलेले. मार्गदर्शकांनी सांगितले की बाराव्या आणि तेराव्या संयुगांच्या मधले मध्यवर्ती द्रव्यही दाखवा, की तेरापासून पुढचे सारे आकडे एकाने सरकणार. मजकुरात, चित्रांत, कोष्टकांत, परिशिष्टातल्या वर्णपटांवरही. एखादा विद्यार्थी कंटाळून ‘१२अ’ अशी पाचर मारी, आणि वाचकाला वाटे की हे १२ च्या कुळातले.

२२/ या दुखण्यावरचे औषध रसायनाबाहेरून आले. १९७७ मध्ये स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते मिळाली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती; ही प्रकाशजुळणीची मुद्रिते त्यांना इतकी निकृष्ट वाटली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची संगणकप्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव ‘टेक्’. गणिताची समीकरणे देखण्या रीतीने जुळवणे हा तिचा मूळ हेतू.

२३/ त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड ‘स्क्राइब’ ही प्रणाली घडवत होते. १९८० चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर आहे. लेखकाने ‘हे शीर्षक’, ‘हे अवतरण’ एवढेच सांगावे. ते कसे दिसावे हे प्रणालीने पाहावे, हा त्यांचा विचार. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ‘टेक्’च्या पायावर ‘लाटेक्’ उभारले, तेव्हा स्क्राइबचा हा वारसा त्यात आला.

२४/ लाटेक्‌ची एक युक्ती या कथेच्या केंद्रस्थानी आहे. लेखक समीकरणावर किंवा आकृतीवर ‘लेबल’ या आज्ञेने एक खासगी नाव चिकटवतो आणि अन्यत्र ‘रेफ’ या आज्ञेने त्याच नावाने हाक मारतो. आकडा तो लिहीतच नाही. प्रणाली पहिल्या फेरीत मजकूर चाळून कोणत्या नावाला कोणता आकडा आला याची नोंद एका सहायक फाइलीत करते; दुसऱ्या फेरीत ती नोंद वाचून प्रत्येक जागी योग्य आकडा बसवते. म्हणूनच लाटेक् दोनदा चालवावे लागते.

२५/ संयुगांसाठी एवढ्याने भागत नव्हते. समीकरण एकाच जागी जन्मते. संयुग मात्र मजकुरात आधी उल्लेखले जाते, मग चित्रात येते, मग कोष्टकात. शिवाय ३ए-३बी अशी दोन पातळ्यांची रचना हवी. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनीच स्वतंत्र आज्ञासंच लिहिले. ‘केमकंपाउंड्स’, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ राइट यांचा ‘केमस्कीम’ आणि क्लेमेन्स नीडरबर्गर यांचा ‘केमनम’ हे त्यांतले परिचित.

२६/ यांची रीत साधारण सारखी आहे. विद्यार्थी मजकुरात संयुगाचे खासगी नाव लिहितो, समजा ‘कीटोन’. ते नाव पहिल्यांदा येते तिथे प्रणाली पुढचा मोकळा आकडा त्याला देते. नंतर ते कुठेही आले तरी तोच आकडा छापते. नावापुढे उपनाव जोडले की ३ए, ३बी आपोआप तयार होतात. मधे नवे संयुग घुसले तरी प्रबंधभर आकडे स्वतःहून सरकतात आणि आपापल्या पदार्थाला धरून राहतात.

२७/ आता खूणचिठ्ठीचे रूप बदलण्याचा प्रश्न. प्रत्येक विद्यापीठाची, प्रत्येक मार्गदर्शकाची आवड वेगळी. आकडा ठळक हवा की साधा; उपक्रमांक अक्षरात की रोमन अंकात; प्रकरण बदलले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची की सलग चालू ठेवायची; पुरवणी माहितीतल्या संयुगांना आधी ‘एस’ लावायचे का. हे सारे प्रस्तावनेतल्या दोन-तीन ओळींत ठरवता येते, आणि ठरवले की तीनशे पानांवर एकसारखे लागू होते.

२८/ प्रकरणवार क्रमांकाची निवड वरवर किरकोळ वाटते. दीडशे संयुगांच्या प्रबंधात ‘१३७’ शोधायला वाचक कुठले पान उलटणार? ‘४.१२’ असेल तर चौथे प्रकरण तरी नक्की. उलट पहिल्या प्रकरणातलेच संयुग चौथ्यात पुन्हा वापरले असेल तर त्याला नवा आकडा देणे म्हणजे एका पदार्थाची दोन नावे करणे. केंडॉल आणि राइखश्टाइन यांच्या अक्षरांची कथा मग एकाच पुठ्ठ्याच्या आत घडते. म्हणून प्रकरणवार मोजणीतही जुन्या संयुगाने आपला जुना क्रमांकच मिरवला पाहिजे.

२९/ आणखी एक खाचखळगा अनेकांना अडवतो. ‘पहिल्यांदा येईल तिथे आकडा’ हा नियम यंत्र शब्दशः पाळते. एखाद्या उपशीर्षकात संयुगाची खूण असली तर ते शीर्षक अनुक्रमणिकेतही छापले जाते, आणि अनुक्रमणिका तर पुस्तकाच्या आरंभी असते. मग सातव्या प्रकरणातले संयुग सर्वांत आधी ‘दिसले’ म्हणून १ क्रमांक पटकावू शकते. चित्र पानाच्या माथ्यावर सरकले की असाच क्रमभंग संभवतो. उपाय सोपा : ग्रंथारंभी, काही छापण्याआधीच, संयुगांची यादी हव्या त्या क्रमाने जाहीर करून ठेवायची.

३०/ सर्वांत अवघड गाठ होती चित्रांची. १९८५ मध्ये हार्वर्डमध्ये ‘केमड्रॉ’ जन्माला आले. प्राध्यापक डेव्हिड इव्हान्स यांच्या लेखांतली रचनाचित्रे त्यांच्या पत्नी सॅली काढीत. नव्या मॅकिन्टॉश संगणकावर ते काम करता येईल या कल्पनेतून स्टुअर्ट रुबेनस्टाइन या विद्यार्थ्याने ही प्रणाली लिहिली. शाई आणि पट्टीचे युग संपले. पण चित्रात हाताने टंकलेला ‘१३’ मजकुरातला आकडा १४ झाला तरी तेराच राहतो. चित्राला मजकुराची खबर नसते.

३१/ त्यावर तोडगा निघाला तो असा. चित्रात खऱ्या आकड्याऐवजी ‘टीएमपी१’ अशी तात्पुरती खूण टाकायची आणि चित्र पोस्टस्क्रिप्ट स्वरूपात साठवायचे. अक्षरजुळणीच्या वेळी ‘पीएसफ्रॅग’ नावाचा आज्ञासंच ती खूण शोधतो आणि तिच्या जागी संयुगाचा चालू क्रमांक बसवतो. एकच अट : खूण चित्रात अक्षरे म्हणूनच राहिली पाहिजे, तिच्या रेषा बनता कामा नयेत. थेट पीडीएफ करणाऱ्या मार्गावर ही युक्ती चालत नाही. तिथे आधी पोस्टस्क्रिप्टचा वळसा घ्यावा लागतो.

३२/ या साऱ्या खटाटोपाचे सार खासगी नावात आहे. जो विद्यार्थी संयुगाला ‘संयुग१३’ असे खासगी नाव देतो तो दोन महिन्यांत फसतो, कारण तेरावे संयुग तोवर सोळावे झालेले असते. प्रयोगवहीतला क्रमांक हेच खासगी नाव ठेवले तर बाटली, वही, वर्णपट आणि छापील पान एका सूत्रात राहतात. छापील आकडा वाचकासाठी असतो आणि तो बदलू शकतो. वहीतला क्रमांक पदार्थासाठी असतो, तो बदलू नये.

३३/ फ्रँकफुर्टच्या वहीत नेमके हेच होते. ६०६ ला आधी निरुपयोगी ठरवले गेले, मग ते औषध झाले, मग त्याला व्यापारी नाव मिळाले, आणि शेवटी त्याची मानलेली रचनाही बदलली. या प्रत्येक वळणावर ‘कोणत्या पदार्थाबद्दल बोलणे चालले आहे’ याविषयी मात्र कधी शंका आली नाही. प्रबंधाच्या पानावरचा ठळक ‘३ए’ त्याच जातीचा आहे. तो खरा ठरतो की खोटा, हे त्याच्यामागची नोंद किती घट्ट बांधलेली आहे यावर ठरते.